झाकणांचा खोका

सत्त्याण्णव सालची गोष्ट. शिरवण्याच्या बसथांब्यावर माझ्यापुढे बाटल्यांच्या कारखान्यातले दोघे उभे होते. बस येत नव्हती, त्यामुळे ऐकणं भागच होतं.

“सुलेमानभाई, उद्या जपानी पाहुणे येनार. आमच्या खात्यानं या महिन्याची सुधारणा दाखवायची, आन् सुधारायला कायच शिल्लक नाही बघा.”

“मग आज काहीतरी बिघडव, मानसिंग. उद्या नीट करून दाखव. आमी दर महिन्याला तेच करतो.”

“केलं की. झाकणांचा खोका सकाळीच टेबलाजवळनं उचलून लांब दाराशी ठेवला. उद्या पाहुण्यांसमोर परत आननार होतो.”

“मस्त. मग तोंड का पाडलंय?”

“काम जास्त निघायला लागलं ना. खोका जवळ होता तवा मानसं मूठभर झाकणं घ्यायला सारखी उठायची. आता लांब जायचा कंटाळा, म्हणून एकदाच टोपलीभर आनत्यात आन् बसून काम करत्यात.”

“म्हणजे खरोखरची सुधारणा झाली?”

“त्याचंच टेन्शन आहे.”

“साहेबांना सांगून टाक.”

“कसं सांगू? खोका जवळ आनायची आयडिया साहेबांचीच. तिच्यासाठी त्यांना बक्षिसाची ढाल मिळालीय.”

“मग पाहुणे बघेपर्यंत जवळ ठेव, गेले की लांब ने.”

“आन् साहेब मागं थांबले तर?”

“पाहुण्यांबरोबर साहेब हॉटेलात जेवायला जातात. त्या पद्धतीत कधी कोणी सुधारणा केलीय?”