नानांच्या छातीतून बघितलेलं ग्रहण

तुम्ही ग्रहण कशातून बघितलं माहीत नाही राव, आमच्या पेठेत आम्ही ते नानांच्या छातीतून बघितलं. नाना म्हणजे माझे चुलते. त्यांना तरुणपणी टीबी झाला होता, तेव्हाचा एक्स-रे ट्रंकेत पडून होता. मीच कात्रीनं त्याचे सहा तुकडे केले अन् आळीत वाटले.

पुढं चार वर्षांनी नानांना सणकून ताप आला, धाप लागली. मंचरच्या दवाखान्यात छातीचा नवा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, "दोन्हीकडं धुरकट आहे, ते व्हायरलचं वाटतंय. पण उजवीकडं वर हा पांढरा डाग नवा असेल, तर पुण्याला न्यावं लागेल. जुना फोटो आहे का?"

"आहे," मी म्हणालो, "पण सहा घरांत."

आता डागाचा तुकडा कुणाकडं? पांढरा डाग म्हणजे तिथून उजेड आरपार येणार. अन् एकदम आठवलं, ग्रहणाच्या दिवशी शेजारचा बबनभाऊ एकटाच कुरकुरत होता, "माझ्यातून लई उजेड येतोय, डोळं दुखत्यात!"

गाडी काढली, बबनभाऊला तुकड्यासकट आणला. डॉक्टरांनी तुकडा नव्या फोटोशेजारी दिव्यावर धरला. तोच डाग, तेवढाच.

"जुनाच आहे. पुण्याला नको, इथंच ठेवू."

माझा जीव भांड्यात पडला. बबनभाऊ मात्र तरातरा नानांच्या खाटेपाशी गेला.

"ऐकलं का नाना? मी तवाच म्हणलो व्हतो, तुमच्या पुतण्यानं मला खराब तुकडा दिलाय!"