पाणी जातं कुठं

कल्पना : ...आणि ही तिसरी वेळ आहे, काका. खोलीत शोधलं, गच्चीवर जाऊन आले, आणि आमच्या क्षितिजा बाईसाहेब तुमच्या अळवात बसल्यात. गुडघ्यापर्यंत चिखल, फ्रॉकची तर बातच नको.

कुशाबा : बसू द्या की. आळू काय चावतंय व्हय?

कल्पना : साडेनऊला तिच्या क्लासची गाडी येते. आज शनिवार आहे हे तिला बरोबर माहीत असतं. म्हणूनच लपली.

कुशाबा : लपली कुटं? मघाधरनं माझ्याम्होरंच हाय. मला इचारलं आसतं तर जिना चढायचा तुमचा तरास वाचला आसता.

कल्पना : तेच म्हणतेय मी. तुमच्यासमोर असते आणि तुम्ही तिला काही म्हणत नाही.

कुशाबा : मी खोल्यांचा मालक हाय, ताई. पोरांचा न्हाई. आन् आता कशाला जीव आटवताय? आजच्यानं संपलंच की समदं. तो बघा शंभू गवंडी, सकाळधरनं दोरी बांधतोय. सांजच्याला आख्खं आंगण शिमिटाच्या ब्लॉकखाली. चिखलबी न्हाई, आळूबी न्हाई.

कल्पना : अळूसुद्धा काढणार?

कुशाबा : आवो, आर्ज कुणी लिव्हला? आठ भाडेकरूंच्या सह्या घेऊन तुमीच आलता की दारात. आंगणात चिखल हुतो, गाड्या रुतत्यात, पोरं घाण हुत्यात. आळू काय माळ्यावर लावलंय का?

कल्पना : मी गाड्यांपुरतं म्हटलं होतं.

कुशाबा : कागदावर तसं न्हवतं. बरं, किलास कसला ह्यो?

कल्पना : व्यक्तिमत्त्व विकासाचा. चारचौघांत बोलायला शिकवतात.

कुशाबा : हिला? ही तर माझं डोकं खाती बोलून बोलून.

कल्पना : तुमच्याशी बोलते. शाळेत जूनपासून एक शब्द नाही. बाईंनी नाव विचारलं तरी बुटांकडे बघते. परवा मला बोलावून घेतलं. घरी काही त्रास आहे का, असं विचारलं हो त्यांनी मला. परत येताना बसमध्ये मी रडत होते, आणि आपल्या थांब्यावर उतरायचंही विसरले.

कुशाबा : बसा हितं कट्ट्यावर. बसा वाईच.

कल्पना : गाडी येईल.

कुशाबा : यिऊ द्या. हॉर्न वाजवल्याबिगर त्यो काय ऱ्हातोय?

कल्पना : तुम्हाला वाटत असेल, ही बाई पोरीच्या मागंच लागलीय. पण मला माहीत आहे हे पुढं कुठं जातं. परभणीच्या शाळेत मी शेवटच्या बाकावर बसायचे. उत्तर यायचं, हात वर व्हायचा नाही. आता हिंजवडीत अकरा वर्षं नोकरी करतेय, अजून तेच. मीटिंगमध्ये मला सुचलेलं असतं, आणि मी तोंड उघडेपर्यंत दुसरा कुणीतरी तेच बोलून मोकळा झालेला असतो. तिचं असं व्हायला नको. एवढंच.

कुशाबा : न्हाई व्हायला पायजे. खरं हाय तुमचं.

कल्पना : तुमच्याशी कशी बोलायला लागली ती?

कुशाबा : दिवाळी झाल्यावरची गोष्ट. मोटार बंद करायची ऱ्हायली, टाकी भरून वाह्यला लागली. ही आली, हुबी ऱ्हायली, लई येळ बघत बसली. मग म्हणली, आबा, पाणी जातंय कुटं? म्या म्हणलं, मला काय ठावं, बघ की.

कल्पना : म्हणजे तुम्हाला माहीत असून...

कुशाबा : खरं सांगू? टाळायला म्हणलं हुतं. मागनं इचार केला, तर मला खरंच ठावं न्हवतं. साठ वर्सं हितं ऱ्हातोय. फाटकाकडं जात आसंल, आसंच धरून चाललो हुतो. दुसऱ्या दिशी बघतोय, तर हिनं पानं सोडल्याली पाण्यात. मग बाटल्यांची टोपणं. चार नंबरच्या खोलीतला ओमबी यायला लागला. दोघं भांडत्यात, रुसत्यात, सकाळी पुन्हा हजर. मग मीबी मोटार धा मिनिटं उशिरानंच बंद करतो.

कल्पना : टाकी रोज वाहते ती तुम्ही मुद्दाम वाहू देता? त्याचीही तक्रार लिहिली होती मी.

कुशाबा : वाचली की. चष्मा लावून वाचली.

कल्पना : मला का नाही विचारत ती असलं काही?

कुशाबा : इचारत न्हाई?

कल्पना : आधी विचारायची. मी लगेच सांगायचे. मला येत नसेल तर मोबाईलवर शोधून, चित्र दाखवून सांगायचे. अर्धवट काही सांगितलं नाही कधी.

कुशाबा : आन् मग?

कल्पना : मग ती ‘बरं’ म्हणायची. आणि आता विचारतच नाही.

कुशाबा : आली बघा गाडी फाटकापाशी.

कल्पना : वाजला हॉर्न. क्षितिजा, चल पटकन. पाय धू आणि...

कुशाबा : थांबा, ताई. वाईच गप ऱ्हावा. ऐका.

(अळवाच्या कोपऱ्यात शंभू गवंडी खडीची पाटी घेऊन उभा आहे. क्षितिजा त्याच्यासमोर, दोन्ही हात पसरून.)

क्षितिजा : काका, इथं नका टाकू. इथं भोक आहे... आहे, भिंतीखाली, पानांच्या मागं... नाही, फाटकाकडे नाही जात पाणी. जातंय असं वाटतं, पण त्या मोठ्या दगडापाशी वळतं आणि अळवात येतं. मग भोकातून पलीकडे ओढ्यात. आम्ही नऊ टोपणं सोडली होती, सात पलीकडे निघाली... तुमची दोरी चुकलीय, काका. हे बुजवलं तर पाणी ओमच्या घरात जाईल. आम्ही एकदा बुजवून बघितलंय.

कुशाबा : तरीच. मागल्या महिन्यात चार नंबरच्या उंबऱ्यात पाणी कसं शिरलं, मी नळवाल्याला शिव्या घालत हुतो.

कल्पना : शंभूदादांना ती ओळखते का आधीपासून?

कुशाबा : छ्या. आजच आलाय त्यो.

कल्पना : चुकलीय म्हणाली ती. मोठ्या माणसाला. तोंडावर.

कुशाबा : आन् त्यो बघा, गुडघ्यावर बसलाय. शंभू, हाय का रं भोक?... हाय म्हंतोय. हात घातला त्यानं. माझ्या बानं भिंत बांधताना ठिवलं आसणार. आता पाण्याचा ढाळ हिकडंच द्यायला लागंल, आन् त्यो कोपरा मोकळा ठिवायला लागंल. मग डोळं का पुसताय?

कल्पना : मला वाटत होतं, तिला आवाजच नाही.

कुशाबा : पर एक हाय. कोपरा सोडला तर एका गाडीची जागा जाती.

कल्पना : कुणाची?

कुशाबा : तुमचीच. ब्लॉक झाल्यावर तुमची स्कूटी तितं लागणार हुती. फाटकाभाईर लावावी लागंल, उन्हात.

कल्पना : लावीन.

कुशाबा : आन् बाकीच्या सात सह्या?

कल्पना : त्यांच्याशी मी बोलते. आज संध्याकाळी, सगळ्यांना बोलावून.

कुशाबा : चारचौघांत?

कल्पना : हो. चारचौघांत. ओ दादा, हॉर्न नका वाजवू, ती आज येणार नाही. तुम्ही निघा. आणि सोमवारी तिच्या बाईंनाही भेटून येते. ती बोलते म्हणून सांगते. काय बोलते तेही सांगते.

क्षितिजा : आई, तू रागावलीस?

कल्पना : नाही.

क्षितिजा : फ्रॉक?

कल्पना : धुता येतो.

क्षितिजा : मग तुला एक विचारू? नऊ टोपणं आत गेली आणि सातच बाहेर आली. दोन कुठं गेली?

कल्पना : अगं, ती आत अडकली अस... मला काय माहीत. सरक जरा तिकडं, मलाही बघू दे.