मेव्हण्याच्या हातातला दोर

— नाय, दोराला अजून हात लावू नको. आधी इकडं ये, माझ्यासमोर उभा राहा. मला चढायची घाई नाय. ठेकेदार सुशीलने पाठवलं ना तुला? काय सांगून पाठवलं? 'कान्हूचा दोरवाला गेला, तू जाऊन धर' — एवढंच? मला तर फोनवर म्हणाला, मुरलेला माणूस देतो, खोपोलीला मोठमोठी झाडं उतरवलीत त्याने. उतरवली असतील. मग हे बूट कसे नवेकोरे? आणि हातमोजे — त्यांच्यावरचं दुकानाचं लेबल पण काढलं नाय तू अजून! हसू नको. वर बघ जरा. हे सातविणीचं झाड निम्मं वाळलंय आणि सगळा भार कारखान्याच्या पत्र्यावर. पत्र्याखाली काय हाय? गणपती. ओळीने सुकत ठेवलेत, अजून डोळ्यांची आखणी पण झाली नाय. इथं फांदी कापून धाडकन टाकायची सोय नाय. मी वर बांधून कापणार, आणि खालच्याने दोर सोडत सोडत ती तान्ह्या पोरासारखी जमिनीवर निजवायची. लोक फोटो माझा काढतात — वर चढलेल्याचा. पण माझा जीव कुठं असतो? खाली असतो, दोरवाल्याच्या मुठीत. म्हणून विचारतो. तुला राग आला तरी विचारणार.

आमच्यात दोर असा कुणाच्याही हातात देत नाय. बापाने दिला नाय, आज्याने दिला नाय. दोर धरायचा तो बायकोच्या भावाने. आता तू म्हणशील, सख्खा भाऊ का नको? सख्खा भाऊ चांगलाच असतो रे, पण एका जमिनीत दोघांची नावं असली की — समजलं ना? बायकोच्या भावाचं तसं नाय. मी पडलो तर कुंकू त्याच्याच बहिणीचं पुसणार. म्हणून लग्न जमवताना आमच्याकडं पोरीच्या आधी तिच्या भावाचे हात बघतात. खोटं वाटतं? मी इंदूला नंतर बघितलं, रघूला आधी! कासूला मिठागरावर मीठ ओढत होता. मनगटं काय, बोटं काय — बापाने त्याच दिवशी सुपारी फोडली. तेव्हापासून माझा दोर दुसऱ्या कुणी धरलेला नाय. आज तू. म्हणजे धरलास तर.

रघू कुठं गेला म्हणजे? मी काढला त्याला. सुशीलने सांगितलं नाय तुला? का सांगितलं, आणि तू आता माझ्या तोंडून काढून घेतोयस? तसं असेल तर सांग त्याला जाऊन, कान्हू कुणाला भीत नाय. सुशीलची आणि रघूची कुजबूज कधीची चालू होती. सुशीलने ती टोपलीवाली क्रेन घेतली ना, तेव्हापासून. टोपलीत उभं राहून कापायचं तर चढणारा कशाला हवा? रघू बाजूला जाऊन फोनवर बोलायचा, मी जवळ गेलो की फोन खिशात. मी काय आंधळा हाय? आणि मग रोह्याला ते झालं. ज्युडिथबाईंच्या परसात — म्हातारी एकटीच असते, पोरं सगळी इस्रायलला — तिच्या कौलांवर निलगिरी कलली होती. मी वर, पट्ट्याने खोडाला बांधलेला. शेंडा कापायला घेतला, जरा मोठा घेतला. हातभर जास्ती. बरं, दोन हात! रघू खालून ओरडत होता, 'भावजी, एवढा नको, अजून वरून घ्या' — पण त्या दिवसांत त्याचं ऐकायचंच नाय असं माझ्या डोक्यात बसलेलं. शेंडा सुटला आणि दोर — सर्रर्र! थांबेच ना. गच्च धरायचा सोडून हा दोर सोडतोय! कौलांच्या वर वीतभर राहिला तेव्हा कुठं थांबला तो शेंडा. मी वर खोडाला मिठी मारून बसलो, गुडघा खरचटलेला. काय समजायचं माणसाने? दोर सोडला त्याने. मुद्दाम सोडला.

घरी येऊन इंदूला तेच सांगितलं — तुझा भाऊ तुझंच कपाळ पांढरं करायला निघालाय गो. ती भांडली नाय. भांडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, 'त्याचे हात बघितलेत काय?' हात काय बघायचे? हात मी लग्नाआधी बघितले होते! सकाळी पिशवी भरली आणि गेली कासूला, भावाकडं. म्हणजे कुणाची बाजू घेतली बघ. तेव्हापासून घर खायला उठतं. भात करपतो, नायतर कच्चा राहतो — हे तुला कशाला सांगतोय मी? सोड ते.

मोजे काढ. काढ म्हणतो ना. रघूने कधी मोजे घातले नाय. मोज्यातून दोर कळत नाय म्हणायचा. दाखव तळवे. हं, मऊ. आणि नखांत हे काय? सोनेरी रंग? अरे, तू खोपोलीचा कसला, तू याच कारखान्यात मुकुट रंगवणारा! वाटलंच मला! म्हणजे सुशील मला कुणाच्याही हाती सोपवायला निघालाय. बस खाली, घाबरू नको, मारत नाय तुला. आलाच हायस तर एक गोष्ट शिकून जा. जड तुकडा सुटला की नवखा माणूस घाबरतो आणि दोर गच्च धरतो. तिथंच वरचा मरतो. गच्च धरला की सगळा झटका खोडाला बसतो, खोड गदागदा हलतं, कधी मोडतं पण, आणि त्यालाच बांधलेला माणूस कुठं जाणार? म्हणून दोर पळू द्यायचा. पळू द्यायचा आणि पळता पळता आवळत आणायचा. हाताची सालटी निघतात, आग आग होते, तरी हात काढायचा नाय. ज्याने दोर टाकून दिला त्याचे तळवे असे — तुझ्यासारखे, कोरे. आणि ज्याने पळता दोर धरून थांबवला त्याचे —

त्याचे —

थांब जरा. बोलू नको. ज्युडिथबाईने चहा आणला होता त्या दिवशी. रघूने कप घेतला नाय. मला वाटलं, कुठल्या तोंडाने घेईल? हात टॉवेलात गुंडाळून बसलेला. म्हातारी म्हणाली, 'हळद आणू काय रे?' मला वाटलं, माझ्या गुडघ्याला विचारते. मीच म्हटलं, नको, खरचटलंय नुसतं. मीच म्हटलं. आणि त्याने टॉवेल अजून आवळला. ओलं लाकूड, दोन हात जास्तीचं — आणि वीतभर राहिलं असताना थांबवलं त्याने —

काय? नाय, नाय चढत मी. हा पट्टा सोडला बघ. तू जा तुझ्या मुकुटांकडं. कारखान्याच्या शेठला सांग, झाड आज उतरत नाय, दोरवाला आला की उतरेल. येईल का? ते मला काय माहीत! पेणवरून रोह्याची गाडी मिळेल अजून, कासूला थांबते. — ए, थांब. ते मोजे ठेव इथं. घालायचा नाय रघू, माहीत हाय मला. तरी ठेव. जा आता.