चांगले जंतू

शिकलेल्या माणसाशी वाद घालू नये. त्याला दूधवाल्यासमोर उभं करावं.

माझा मुलगा इथं चंदीगडला प्राध्यापक आहे, मी चौथी पास. जवळच्या खरड गावाहून त्यानं काचेच्या बाटलीतलं कच्चं दूध सुरू केलं. दोन वर्षांच्या नातवाला तसंच पाजायचं म्हणे. मी ते गॅसवर ठेवलं, तर ओरडलाच.

"बाबा, तापवू नका! चांगले जंतू मरतात."

"आणि वाईट?"

"ताज्या दुधात नसतात हो!"

सकाळी दूधवाला आला. मुलाला दारात बोलावलं आणि त्याच्यादेखत विचारलं, "भाईसाब, आपके घर में यही दूध कैसे पीते हैं?"

"उबालके, बाबाजी," तो म्हणाला. "घर में छोटे बच्चे हैं जी."