टोमॅटोची उंची

जबाब देणार : टोमॅटोच्या गाडीचा चालक, वय ४३ वर्षे, धंदा नोकरी, राहणार पाण्याच्या टाकीमागे, दुसरा मजला, भाड्याच्या खोलीत.

समक्ष ठाण्यात हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो की, वरील ठिकाणी मी पत्नी व दोन मुलींसह राहतो. सॉस तयार करणाऱ्या एका कंपनीच्या जाहिरातीच्या गाडीवर मी तीन वर्षांपासून चालक आहे. मयत हे माझे साडू, म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते त्याच गाडीवर माइकवर बोलायचे काम करीत. मला ही नोकरी त्यांनीच लावली. मी त्यांना दादा म्हणत असे. "साडू म्हणजे एकाच दुकानात गंडलेली दोन गिऱ्हाइकं," असे ते सासुरवाडीत जेवायला बसले की सासऱ्यांच्या देखत म्हणत, आणि सासरेही हसत. आमच्यात वैर नव्हते. गाडीवर आम्ही एकाच डब्यातून जेवत होतो.

गाडीबद्दल विचारल्यावरून सांगतो की, ती मुळात साधा टेम्पो आहे. त्यावर फायबरचा मोठा टोमॅटो बसवला आहे. केबिन टोमॅटोच्या पोटात येते. केबिनच्या टपावर हातभर पोकळी, तिच्यावर लाल घुमट आणि घुमटावर हिरवे देठ. नेहमीचा हॉर्न काढून त्या जागी कंपनीची धून जोडली आहे. एकदा बटण दाबले की धून पुरी वाजल्याशिवाय थांबत नाही. कंपनीची ताकीद अशी की रस्त्यात कोणीही हात केला तर आपण हात करायचा आणि चेहरा हसरा ठेवायचा, मग घरी काहीही झालेले असो. आमच्या सासूबाई गेल्या त्याच आठवड्यात आम्ही दोघे जावई हसरे चेहरे घेऊन एका नव्या दुकानापुढे उभे होतो. पोटासाठी माणूस काय करत नाही.

दुसरी ताकीद उंचीची. पूल, कमान, वायर, झाडाची फांदी, काहीही दिसले की गाडी थांबवायची. दादा उतरून देठाच्या टोकाएवढी मापाची काठी लावत, मी आतून विचारायचो, "मावते का?" ते हो म्हणाले तरच गाडी पुढे. तीन वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही, कंपनीने त्याबद्दल आमचे कौतुक केले होते. तो टोमॅटो माझ्याच डोक्यावर असल्यासारखी मला सवय झाली होती. घरात मोरीच्या दारातून जाताना मी मान खाली घालतो. बायको म्हणते, "अहो, देठ कामावर ठेवून येत जा."

घटनेच्या दिवशी शहराबाहेरच्या कारखान्याच्या वसाहतीत दुपारचा कार्यक्रम होता. दादा नेहमीप्रमाणे बोलले, पोरांना हसवले. माइक ठेवल्यावर म्हणाले, "डावा खांदा भरून आलाय. पित्त असेल." मी म्हणालो, "पित्त खांद्याला कधीपासून व्हायला लागलं?" ते म्हणाले, "माझं पित्त हुशार आहे, जागा बदलतं." आम्ही हसलो. मी त्यांना पाणी दिले. डॉक्टरकडे जाऊ या असे मी म्हणालो नाही, त्यांनीही विषय काढला नाही.

परत येताना रेल्वे पुलाच्या अलीकडच्या नाक्यावर त्यांना दरदरून घाम फुटला. बोलणारा माणूस गप्प झाला म्हणून मी बघितले, तर ओठ पांढरे पडले होते. मी रुग्णवाहिकेला फोन लावला. ती दुसरीकडे गेली आहे, वेळ लागेल, असे उत्तर मिळाले. मोठा दवाखाना त्या नाक्यावरून समोर दिसतो. पुलापलीकडे लगेच उजव्या हाताला, पांढरी इमारत आहे. पुलाखालून गेले तर हातातला चहा गार व्हायच्या आत पोहोचता येते. पुलाच्या तोंडाशी उंच वाहने अडवायला लोखंडी आडवा बार लावलेला आहे.

मी गाडी थांबवली. काठी लावायचे काम दादांचे, पण ते उठू शकत नव्हते, म्हणून मी उतरलो आणि काठी लावली. काठी त्या आडव्या बारला अडली. दादांनी आतून विचारले, "मावते का?" मी म्हणालो, "नाही मावत." ते म्हणाले, "मग बाजारातून घे." यानंतर ते माझ्याशी काही बोलले नाहीत.

निघण्यापूर्वी मी एक रिक्षा व एक मोटार थांबवण्याचा प्रयत्न केला. रिक्षावाला माझ्या हाताला हात करून पुढे गेला. मोटारवाल्याने काच खाली केली आणि म्हणाला, "आमच्या घरी आम्ही सॉस खात नाही." माझे बोलणे पुरे होण्याआधी त्याने काच वर घेतली.

बाजाराचा रस्ता वळशाचा व अरुंद असून त्या वेळी शाळा सुटली होती. समोर माणसे आली म्हणून मी हॉर्न दाबला. हॉर्न म्हणजे धून. धून ऐकून दुकानातली माणसेही बाहेर आली. न वाजवावे तर वाट मिळेना आणि वाजवावे तर गर्दी वाढे, आगीतून फुफाट्यात पडावे तशी माझी गत झाली. मी खिडकीतून हात बाहेर काढून "सरका, सरका" करीत होतो. लोक समोरून हात करीत होते. मी ओरडत होतो की आत माणूस आजारी आहे, पण धुनीपुढे माझा आवाज चालला नाही. बटण सोडून खाली उतरलो असतो तर लोकांना समजावता आले असते हे खरे, पण दादांना एकटे सोडून उतरायचा मला धीर झाला नाही.

सॉसच्या पुड्या का वाटल्या, असे विचारल्यावरून सांगतो की, मी त्या वाटल्या नाहीत. पुड्या मागे फेकल्या की पोरे मागे धावतात आणि समोरचा रस्ता मोकळा होतो, हे आमच्या धंद्यातले रोजचे शहाणपण. मी मुठी भरभरून मागे फेकल्या. पोरे मागे गेली. पण फुकट मिळतेय म्हटल्यावर मोठी माणसे पुढून आली. करायला गेलो एक आणि झाले भलतेच. आता या गोष्टीला मी काय नाव देऊ, मला कळत नाही.

मला ठाण्यात मोबाइलवरील चित्रण दाखवण्यात आले. त्यात लाल गाडी धून वाजवीत चालली आहे, मी हात हलवतो आहे, पुड्या उधळतो आहे, असे दिसते. ते खरे आहे. चित्रणात शेजारच्या खिडकीत दादांचाही हात वर झालेला दिसतो. ते तेव्हा ठणठणीत होते आणि मी त्यांना हिंडवीत होतो, असे मेहुणीच्या, म्हणजे दादांच्या पत्नीच्या, तक्रारीत आहे. त्याबाबत सांगतो की, एक शाळकरी मुलगी पायरीवर चढून त्यांच्या काचेवर टकटक करीत होती. दादांचे डोळे अर्धे मिटलेले होते. तिने हात केला, म्हणून त्यांनी केला. हसायचाही प्रयत्न केला. मी म्हणालो, "दादा, राहू द्या हो." त्यांचा हात मांडीवर पडला तो पुन्हा उचलला गेला नाही. मुलगी उतरली आणि धावत गेली. ती खुशीत होती.

दवाखान्यात पोहोचल्यावर मी व तिथल्या दोन कर्मचाऱ्यांनी त्यांना उतरवले. गाडीच्या पायरीवर पुड्या फुटल्या होत्या, त्यामुळे त्यांचा शर्ट लाल झाला होता. कर्मचारी म्हणाले, "अपघात का? लागलंय कुठे?" आणि ते जखम शोधू लागले. मी सांगितले की सॉस आहे. एक जण हसला, मग त्याने दादांच्या तोंडाकडे बघितले आणि हसणे थांबवले. डॉक्टरांनी तपासून ते मयत असल्याचे सांगितले. थोडे आधी आणले असते तर बरे झाले असते, असेही डॉक्टर म्हणाले. ते मला उद्देशून म्हणाले की सवयीने म्हणाले, मी सांगू शकत नाही.

मेहुणी, त्यांना मी ताई म्हणतो, संध्याकाळी माझ्या पत्नीबरोबर आल्या. त्यांनी रडण्याआधी मला एकच विचारले, "भाऊजी, पुलाखालून का नाही आणलंत?" मी म्हणालो, "ताई, गाडी मावत नाही. मी काठी लावून बघितली." त्यांनी मान हलवली. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला होता. पुढे शेजाऱ्यांनी त्यांना चित्रण दाखवले, मग त्यांनी तक्रार दिली. माझी त्याबद्दल नाराजी नाही. मीही दिली असती. माझी पत्नी सध्या बहिणीकडे राहते आणि माझ्याशी बोलत नाही.

आज सकाळी पंचनाम्यासाठी गाडी ठाण्यात आणण्याचा निरोप आला म्हणून मी ती दवाखान्याच्या आवारातून घेऊन आलो. ठाण्याच्या फाटकावर लोखंडी कमान आहे. मी फाटकाबाहेर थांबलो आणि म्हणालो, "साहेब, मावणार नाही." हवालदार म्हणाले, "रस्त्यात उभी नको. फायबरच आहे ना? घे हळू." मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा ते रागावले, तेव्हा मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून पुढे घेतली. मान आपोआप खाली गेली. डोक्यावर डबा चेपल्यासारखा आवाज झाला, घुमट देठासकट मागे उलटला आणि रस्त्यावर पडला. गाडी आत आली. केबिनला काही झाले नाही. समोरची काच शाबूत आहे. दादांच्या बाजूच्या कोनाड्यात त्यांच्या पाण्याची बाटली होती, ती पडलीसुद्धा नाही.

व्हरांड्यात बाकावर ताई व माझी पत्नी बसल्या होत्या. आवाज ऐकून दोघी उठून पायरीपर्यंत आल्या. ताईंनी आधी फाटकाबाहेर पडलेल्या घुमटाकडे बघितले, मग गाडीकडे बघितले. मी केबिनमधून उतरलो. त्या रागावल्या नाहीत. त्या मला एवढेच म्हणाल्या, "मावली की."

याहून मला काही सांगायचे नाही. वरील मजकूर मी सांगितला तसा लिहून मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. "गाडी मावत नाही" हे जिथे जिथे आले आहे ते खोडायचे का, असे मला विचारण्यात आले. मी तसेच ठेवायला सांगितले, कारण मी तसेच म्हणालो होतो.