सूर्यावरचं वादळ आणि बारा कबुतरं

जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक वयस्क जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या मांडीवर टोपली होती आणि टोपलीत पंख दुखावलेलं कबूतर.

"अगं, बारा सोडली आणि हे एकटंच परत आलं. परवा सूर्यावर वादळ झालं ना! पृथ्वीचं चुंबकत्व बिघडलं की कबुतरांना दिशा कळत नाही."

"हो तर! सूर्याला दुसरा उद्योगच नाही. तुमच्या ढाबळीवर डोळा ठेवून बसलाय."

"शास्त्र आहे ते."

"मग शेजारच्या मास्तरांची सगळी कशी परतली? वादळ काय आपलाच पत्ता विचारत आलं होतं?"

"त्यांचं नशीब."

"नशीब कसलं? ते पोटभर दाणे टाकतात. तुम्ही उपाशी ठेवून शिस्त लावता."

"उपाशी पाखरू घरी लवकर येतं. नियमच आहे तो."

"तोच नियम पोराला लावलात. म्हणे, चार दिवस उपाशी राहिला की येईल झक मारत."

"त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही हो. सहा वर्षं झाली. सूर्यावर अजून वादळ चालूच असेल."