सतराशे वेळा श्री

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा. देवाचं नाव घेऊन माणसाचा घोटाळा होऊ शकतो का? पुढच्या रांगेतले काका जोरात मान हलवतायत — नाही म्हणे! काका, ऐका मग.

मिरजेत त्र्यंबकराव सोवनी म्हणून एक गृहस्थ. पोस्टातून निवृत्त. घरात कॉम्प्युटर आला नि त्यांना एकच नाद लागला — इंटरनेटवर दिसलं पान की कर बुकमार्क! पत्त्याशेजारचा तारा दाबला की चौकट येते, तीत पानाचं नाव आयतं लिहिलेलं असतं. तसंच ठेवावं ना? छे! कोऱ्या कागदावर आधी काय लिहायचं? श्री! हे टाइप करायचे 'श्री', पानाचं नाव जायचं पुसून, आणि स्वारी खुशीत पुढच्या पानावर. असे किती? सतराशे! अहो, विष्णूची हजार नावं, पण ती एकाच देवाला. इथं सतराशे पानांना मिळून एकच नाव!

भाऊबीज दोन दिवसांवर आली. पत्नी इंदूताई म्हणाल्या, "अहो, भाऊबीजेला दादाचं भजन लावा. तुम्ही जपून ठेवलंय म्हणाला होतात."

दादा म्हणजे त्यांचा भाऊ. वर्षापूर्वी गेला. गावच्या भजनी मंडळानं त्याचं एक भजन वेबसाइटवर टाकलं होतं, तेवढाच काय तो त्याचा आवाज उरलेला. त्र्यंबकरावांनी बुकमार्कांत 'दादा' शोधलं, काही नाही. 'भजन' शोधलं, काही नाही. 'श्री' शोधलं — सतराशे!

"हरवलं का हो?"

"नाही गं, इथंच आहे."

इथंच आहे! मंडळी, किल्ली हरवलेला नवरा दुसरं काही बोललाय का कधी?

शेवटी मुलगी मुक्ता बसली. "बाबा, ब्राउजर सगळ्या बुकमार्कांची एक फाईल काढून देतो. उघडली की वेबपानच ते." उघडलं. वरपासून खालपर्यंत श्री, श्री, श्री. जपाची वहीच जणू. मुक्ता म्हणाली, "आता एकेक उघडा. लागेल त्याला नाव द्या, बाकीचं काढून टाका."

आणि इंदूताईंनी शेजारी खुर्ची ओढली! इथून त्र्यंबकरावांची खरी परीक्षा. पहिला श्री — टकलावर कांद्याचा रस. दुसरा श्री — टकलावर माका. अकरावा श्री — बायकोचा राग, सात उपाय.

इंदूताई शांतपणे म्हणाल्या, "सातातला एकही केला नाहीत."

भाऊबीजेच्या दुपारी चौदाशेकितव्या श्रीवर पेटी वाजली. मग कुणीतरी घसा खाकरला. गाणं सुरू व्हायच्या आधीच इंदूताई रडू लागल्या. दादा असाच खाकरायचा. त्र्यंबकरावांचेही डोळे भरले. "माझंच चुकलं गं," म्हणाले, "घालवून बसलो असतो मी."

संध्याकाळी बुकमार्कांचं पान तयार झालं. सतराशेतली एकेचाळीस उरली. औषधं, स्वयंपाक, गाड्यांच्या वेळा असे कप्पे, आणि सगळ्यांत वर दादा. इंदूताईंनी तबक आणलं, कॉम्प्युटरला ओवाळलं आणि म्हणाल्या, "आता लिहा वर श्री. एकदाच."

काका, आता हलते का मान? त्र्यंबकराव नाव देवाचं लिहीत गेले, पण आत काय ठेवलंय ते बघायचं काम काही देवाचं नव्हतं. आणि मागं मोबाइल उंच धरून हे सगळं रेकॉर्ड करणाऱ्या ताई — मला ठेवून काय करता? तुमच्या आईचा आवाज आहे का त्या मोबाइलात? कुठं आहे, सापडेल? आज घरी गेलात की आधी तो शोधा, आणि त्याला तिचं नाव द्या.